मॅडमनं सांगितलं म्हणून

आमच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी बाबांचा खोकला उठायचा, त्याच्यामागून आई. ती चुलीशी बसली की फुंकणीचा आवाज, मग पेजेच्या गंजातली खदखद, मग गोठ्यात बैल मान हलवत त्या घंट्या. या सगळ्यांत दादाच्या खाटेचा आवाज नसे. तो जागा असायचा, डोळे छपराच्या कवेलूंकडं लागलेले असायचे, पण खाट वाजायची नाही. उठणारा माणूस कूस बदलतो, पाय खाली सोडतो, दोरी करकरते. दादा दहा-दहा वाजेपर्यंत तसाच. आईनं पेज नेऊन दिली तर प्यायचा, नाही नेली तर मागायचा नाही. नंतर कधी तरी उठून ओसरीवर येऊन बसायचा तो थेट दिवस कलेपर्यंत. रस्त्यानं जाणाऱ्यांनी त्याचं नाव 'मुकादम' ठेवलं होतं. दुसऱ्याचं काम नुसतं पाहत बसणारा. माझे मित्रही म्हणायचे, "मोरू, तुह्या मुकादमानं आज किती गडी लावले बे?" आणि मीही हसायचो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

शालिकदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो आधी कसा होता आणि असा कसा झाला, ते सगळं इथं सांगत बसत नाही. दोन वर्षं त्याला आवाज ऐकू येत. तलावाच्या पाळीवरून कोणी तरी त्याच्या नावानं शिव्या देतं म्हणून तो हातात दगड घेऊन धावायचा. अंगारे-धुपारे झाले, मग तालुक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज थांबले. आईनं मारुतीला नारळ फोडला. पण आवाज गेले आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही, हे आमच्या ध्यानात यायला वेळ लागला. तो रडत नव्हता, भांडत नव्हता, कोणाला त्रास देत नव्हता. अंगावरचा सदरा आठ-आठ दिवस तोच. बाबा शेतातून आले की पाय धुता धुता म्हणत, "बैल आजारी पडला तं चारा सोडते. हा तं दोन्ही टाईम जेवते. मंग आजार कोनता? हाडात आळस भरला हाये." हे दादाच्या समोरच. तो ऐकायचा आणि समोरच्या चिंचेकडं पाहत राहायचा. मला वाटायचं, त्याला लागतच नाही काही.

मॅडम आमच्याकडं पहिल्यांदा आल्या त्या थंडीत. दवाखान्यातून पाठवलेल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायच्या, फाट्यावर उतरून दीड किलोमीटर पायी. निर्मला मॅडम नाव. नागपूरच्या बाजूच्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेली चप्पल. पहिल्या दिवशी त्या दादाशी एक शब्द बोलल्या नाहीत. आई ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होती, तिच्याजवळ बसून त्याही निवडू लागल्या. दादा दोन हातांवर. पाऊण तास गेला असेल. आईला राहवेना. "बाई, बोला ना काही त्याच्यासंगं. इतक्या दुरून आल्या." मॅडम म्हणाल्या, "झालं ना बोलणं. त्यानं मला बसू दिलं." बाबा गोठ्यातून ऐकत होते. मॅडम गेल्यावर म्हणाले, "सरकारनं डाळ निवडाले मानूस धाडला वाटते."

पुढच्या खेपेला त्यांनी मला आणि आईला अंगणात बोलावून सांगितलं. आवाज बंद करायचं काम गोळीनं केलं, म्हणाल्या, पण उठावंसं वाटणं गोळीनं येत नाही. आपल्याला आधी वाटतं आणि मग आपण उठतो, शालिकचं उलटं झालेलं आहे. त्याला आधी उठावं लागेल, वाटणं मागून येईल, आणि कधी कधी येणारही नाही. दिवसाला एकच काम. तेही त्यानं निवडलेलं, रोज त्याच वेळेला. कोणी तरी त्याच्यासोबत करायचं, त्याच्याऐवजी करायचं नाही. झालं तर 'झालं' म्हणायचं आणि पुढं चालायचं. नाही झालं तर तोंडातून शब्द काढायचा नाही. "बाबांना सांगा, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलणं बंद. त्याला सगळं लागतं. तुम्हाला दिसत नाही एवढंच." सोबत कोण करणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईनं माझ्याकडं पाहिलं. बाबा शेतात, आई चुलीशी. उरलो मी. माझं बारावीचं वर्ष होतं आणि कॉलेज दुपारचं.

पहिलं काम वाकळीची घडी. दादाची वाकळ, दादानं घडी करायची, मी दुसरं टोक धरायचं. बस. सोळा दिवस झाली नाही. मी टोक धरून उभा राहायचो आणि तो खाटेवर बसून वाकळीकडं पाहायचा. मला घाम यायचा रागानं. सतराव्या दिवशी त्यानं दुसरं टोक उचललं. मी 'झालं' म्हणालो आणि आत जाऊन आईला सांगितलं, तर आई पदर तोंडात धरून चुलीकडं वळली. मग काही आठवड्यांनी सुपातली लाखोळी. मग सकाळी तलावाच्या पाळीपर्यंत चालत जाऊन परत येणं. त्याच पाळीवरून त्याला शिव्या ऐकू येत, म्हणून मी भीत होतो, पण ती जागा त्यानंच निवडली होती.

मॅडमची एक रीत होती बोटांची. पाळीवर निघण्याआधी मी विचारायचं, दादा, जाऊन किती बरं वाटेल? त्यानं बोटं दाखवायची. तो बहुतेक वेळा मूठच दाखवायचा, कधी एक बोट. परत आल्यावर पुन्हा विचारायचं, किती वाटलं? तेव्हा दोन, कधी तीन. मॅडमनी एकदा त्याच्यासमोर बसून दोन्ही हात धरले होते. "शालिक, पाहा. जायच्या आधी तुझं मन म्हणते काहीच नाही, आणि आल्यावर म्हणते तीन. म्हणजे आधी बोलणारं मन खोटं बोलून राहिलं. त्याचं ऐकायचं का?" दादा बराच वेळ आपल्या बोटांकडं पाहत होता. मग म्हणाला, "बदमास हाये." त्याच्या मनाला म्हणाला. मॅडम मोठ्यानं हसल्या. दादाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्या वर्षात तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

इथवर सगळं नीट होतं. ही ओळ मी तीनदा खोडली आणि तीनदा लिहिली, कारण इथून पुढं जे आहे ते मी सव्वीस वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मला साकोलीला जायचं होतं. तिथं होस्टेलात राहून कॉलेज करायचं, गावातून निघायचं. बारावीचा निकाल बरा लागला होता. पण बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "रोवनी होऊ दे. शालिक कसा राहते पाहू. त्याले सोबत कोन करन?" आई तर सरळ म्हणाली, "तो सुधरून राहिला तुह्या हातानं. आता कायले जातं?" मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या जागी आई बसेल, तिला मी शिकवते. पण घाईनं नाही. दोन-तीन महिने जाऊ दे, हळूहळू बदलू." प्रवेश तितके दिवस थांबणार नव्हता. दादा सुधारत होता, मान्य, पण मुंगीच्या पावलानं. घरच्यांना तो बरा झालाय असं एकदा दिसलं की माझी सुटका, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता.

धानाच्या रोवणीत दादानं जे काम निवडलं ते पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या बांधायचं. गडी पऱ्हे उपटतात, मुळांचा चिखल पाण्यात आपटून धुतात, जुडी बांधतात आणि बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, फेकतात. तिथं बाया ओळीनं वाकून रोवत जातात. लहानपणी दादा जुड्या बांधायला फार चपळ होता म्हणे. पहिल्या दिवशी त्यानं अकरा बांधल्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून, गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय सोडून, मान खाली घालून. बाया तिकडं गाणी म्हणत होत्या, एकमेकींच्या सासवांना शिव्या घालत होत्या. सगळ्यांत पुढं गिरजाबाई, आमच्याकडं कैक वर्षं रोवणीला येणारी, कमरेला पदर खोचलेली, तोंडाची फाटकी. तिनं पहिल्याच दिवशी ओरडून म्हटलं, "आगा मायवो, मुकादम कामाले लागला! आता आमची हजेरी कोन घेईन?" बाया हसल्या. मी दादाकडं पाहिलं. त्यानं जुडी बांधली आणि फेकली. ती नेमकी गिरजाबाईच्या पाठीवर बसली. ती त्यानं मुद्दाम फेकली की नाही मला माहीत नाही, पण गिरजाबाई हरखली. "अवो, नेम हाये मुकादमाचा!" त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं चार बोटं दाखवली.

आमच्याकडं रोवणी संपायच्या दिवशी शेवटच्या बांधीत बाया मालकाच्या घरच्या एका पुरुषाला धरतात आणि चिखल लावतात. त्यानं चिडायचं नसतं. दोन पावलं पळून दाखवायचं, मग सापडायचं, मग भजे-जिलेबी कबूल करायची. ज्याला चिखल लागला तो घरचा कर्ता, असा त्याचा अर्थ. दरवर्षी बाबांना लागायचा, आणि बाबांसारखा करडा माणूस त्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत चिखलात हसत घरी यायचा. त्या वर्षी शेवटच्या दिवशी सकाळीच मी गिरजाबाईला धुऱ्यावर गाठलं. म्हणालो, "यंदा बाबाले नको. दादाले लावा."

ती थांबली. हातातली जुडी खाली ठेवली. "बापू, त्याले चालन का? आतासा तं मानसात आला."

"चालन. हासन तो."

"नाई बापू, मले भेव वाटते. तुह्या मायले इचारलं का?"

आणि मी म्हणालो, "मॅडमनंच सांगितलं हाये. त्याले असं काही करा, मोकळा होईन म्हनते."

मॅडमनी असं काहीही सांगितलं नव्हतं. उलट रोवणी लागायच्या आधी त्यांनी मला बजावलं होतं की गर्दी नको, त्याला कोणी ओढायचं नाही, त्याला वाटलं तर बारा जुड्या, नाही तर एकही नाही. पण गिरजाबाईला 'मॅडम' या शब्दाचा आधार पुरला. शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हणजे खरं. "मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि बायांकडं वळून डोळा मारला.

चार वाजले असतील. शेवटची बांधी रस्त्याला लागून. बाबा बैल धुवायला तलावाकडं गेले होते, हेही मी पाहून ठेवलं होतं. गिरजाबाईनं हाळी दिली आणि बाया चिखलाचे गोळे घेऊन निघाल्या, गात, हसत. दादाला काय चाललंय ते कळलं असावं, कारण तो उठला आणि मागं सरला. लहानपणापासून त्यानं हा खेळ पाहिलेला होता. मला वाटलं, तो पळून दाखवेल. तो पळाला नाही. तो मागं सरत सरत माझ्यापाशी आला. माझ्याकडंच आला. आणि मी त्याचे दोन्ही दंड मागून धरले.

तोंडाला, डोळ्यांना, सदऱ्याच्या आत. बायांनी नेहमी लावतात तसाच लावला, त्यांची चूक नव्हती. तो ओरडला असता तर त्या थांबल्या असत्या. तो ओरडला नाही. त्याचं अंग माझ्या हातात लाकडासारखं झालं, मग एकदम ढिलं पडलं आणि पायांजवळच्या पाण्यात ऊन ऊन काही तरी जाणवलं. तेव्हा मी सोडलं. तो गुडघ्यांवर बसला. तोंडात चिखल होता, तो त्यानं थुंकलाही नाही. गिरजाबाईचं हसू जागीच विरलं. "बापू, हा हासत काहून नाई?" ती मला विचारत होती. मी म्हणालो, "हासन." बाया पदरानं त्याचं तोंड पुसू लागल्या. तो बसला तो बसला. शेवटी बाबा आले, गावातून खाट मागवली, चौघांनी त्याला खाटेवर घालून रस्त्यानं नेलं. जिवंत माणसाला. लोक दारात येऊन पाहत होते.

बाबांनी आधी गिरजाबाईला धरलं. ती हात जोडून रडत म्हणाली, "मॅडमनं सांगितलं म्हनून लावलं, पाटील. नाई तं माही काय हिंमत." मी गोठ्याच्या दारात उभा होतो. तिनं 'बापूनं सांगितलं' असं म्हटलं नाही. तिच्या मनात माझ्याबद्दल शंकाच नव्हती.

मॅडम पंधरवड्यानं आल्या. तोवर दादा पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजलेला होता, पहिल्यापेक्षाही वाईट. आई घास भरवायची. मॅडमना बाबांनी ओसरीही चढू दिली नाही. "बाई, तुमच्या इलाजानं माह्या पोराची गावभर शोभा झाली. आता उपकार करा नि या घरी येऊ नका." मॅडम अंगणात उन्हात उभ्या. "मी असं कधीच सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं तुम्हाला?" "गिरजाबाई खोटं बोलन का?" मी त्यांच्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आलो होतो, आणि तो तसाच हातात धरून उभा राहिलो होतो. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. आज मला त्याबद्दल तीळभर शंका नाही. त्या म्हणाल्या, "मोरू, तुला काही सांगायचं आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी पाणी घेतलं नाही. आईला एवढंच म्हणाल्या की गोळ्या बंद करू नका आणि त्याला रोज हाक मारत जा, तो उठला नाही तरी. मग गेल्या. फाट्यापर्यंत तो दीड किलोमीटर त्यांनी कसा कापला असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आठवडाभरानं बाबांनी मला स्वतःहून सांगितलं, "जाय साकोलीले. आता कोनासाठी थांबतं?" आईनं शिदोरीत तांदळाच्या भाकरी आणि सुकट झिंग्यांची चटणी बांधून दिली. एसटीत बसल्यावर मला हलकं वाटलं. खरं सांगतो, हलकं वाटलं.

नंतर मी मास्तर झालो. एकोडीला घर केलं. बाबा गेले, आई गेली. ती गेली त्या वर्षापर्यंत रोज सकाळी दादाला हाक मारत होती. दुसरं कोणी दवाखान्यातून आलं नाही आणि आम्ही कोणाला बोलावलंही नाही. दादा चुलतभावाकडं आहे, त्या भावाची बायको, आमची वहिनी, दोन वेळा ताट नेऊन देते, गोळ्या देते. मी महिन्यातून एकदा जातो, फळं ठेवतो, तासभर बसतो, येतो. मागच्या हिवाळ्यात शिक्षकांसाठी एक कार्यक्रम होता. त्यात एक तरुण समुपदेशक बोलायला आली होती आणि ती सगळं तेच सांगत होती. एकच काम, रोज त्याच वेळेला, सोबत करायचं, त्याच्याऐवजी नाही. म्हणाली, सुरुवातीची वर्षं हातची जाऊ दिली तर पुढं फार जड जातं. शेजारचे गुरुजी वहीत लिहून घेत होते. मी उठून बाहेर गेलो.

त्या रविवारी मी गावी गेलो. दुपार होती. दादा आतल्या खोलीत खाटेवर, पाठ भिंतीला टेकून. केस पूर्ण पांढरे. मी खाली बसलो आणि सांगितलं. गिरजाबाईला काय म्हणालो ते, मॅडमच्या नावावर काय घातलं ते, आणि त्याचे दंड मी धरले होते, तेही. एका दमात नाही, अडखळत, अर्धं वाक्य सोडून, पुन्हा धरून. तो ऐकतो आहे की नाही मला कळत नव्हतं. मी थांबलो. मग तो म्हणाला, "तुहे हात होते. मालूम हाये मले."

कित्येक महिन्यांत त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. तो भरड, कोरडा झाला होता.

"दादा..."

"चिखल तं धुतल्या गेला रे," तो म्हणाला. पुन्हा थांबला. शब्द गोळा करायला त्याला वेळ लागतो. "बाईले काहून जाऊ देलं?"

याचं उत्तर मी सव्वीस वर्षं तयार करत होतो. वय कमी होतं, बाबांचा धाक होता, कोणी ऐकलं नसतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हणालो, "मले साकोलीले जायचं होतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. नीट, माझ्या तोंडाकडं, पहिल्यांदाच. "मंग गेला ना तू?"

"गेलो."

त्यानं मान हलवली. मग हळूच खाली सरकला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. मी तिथंच खाली बसून राहिलो. बाहेरून वहिनीनं चहाला हाक मारली, मग पुन्हा एकदा मारली. आम्हा दोघांपैकी कोणीच उठलं नाही.